दोन गलबतांची मागणी

इसवी सन १३२१ च्या एप्रिलात ठाण्याच्या काजीपुढे एका स्त्रीने नवऱ्याविरुद्ध मारहाणीची फिर्याद गुदरली. ती ख्रिस्ती होती. पाश्चात्त्य लेखक ज्या पौर्वात्य सिरियन पंथाला नेस्टोरियन म्हणत आले, त्या पंथाची जी पंधरा घरे त्या वेळी ठाणे बंदरात नांदत होती, त्यांपैकी एका घरची. साक्षीदार कोण, असे काजीने शिरस्त्याप्रमाणे विचारताच तिने सांगितले की, घरी चार परदेशी धर्मपुरुष उतरले आहेत आणि घडले ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. सदरेवर अलेक्झांड्रियाचा एक गृहस्थ बसला होता. हे लोक शास्त्रात मुरलेले असतात, त्यांना अवश्य बोलावून घ्यावे, वादाला चांगले सापडतील, असे त्याने सुचविले. आणि नवराबायकोच्या भांडणाची चौकशी पाहता पाहता ईश्वराच्या एकत्वाची आणि पैगंबराच्या पदवीची चौकशी होऊन बसली. टोलेंटिनोचा थॉमस नावाचा जो ज्येष्ठ फ्रान्सिस्कन साधू त्या चौघांत होता, त्याने महंमदाविषयी विचारलेल्या प्रश्नाला दिलेले उत्तर त्या न्यायासनाला सोसवण्यासारखे नव्हते. ९ एप्रिलला तो, पादुआचा जेम्स आणि तिफ्लिसचा दिमित्री असे तिघे मारले गेले. घरी सामानाच्या राखणीस राहिलेला सिएनाचा पीटर ११ एप्रिलला. फिर्याद करणारी बाई वृत्तांतातून पहिल्या पानावरच नाहीशी होते. तिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही आणि तिच्या नवऱ्याला शासन झाले की नाही, याची पृच्छा तो वृत्तांत लिहिणाऱ्याला किंवा वाचणाऱ्याला शतकानुशतके करावीशी वाटली नाही.

काळाची खूण मनाशी नीट पटावी म्हणून दुसऱ्या एका सनाची आठवण केली पाहिजे. आषाढाच्या सुमारास ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निघून दिघी आणि विश्रांतवाडी मागे टाकीत पुण्यात शिरते. त्या ज्ञानोबांनी आळंदीस समाधी घेतली ती १२९६ मध्ये, म्हणजे ठाण्याच्या या प्रकरणाच्या अवघी पंचवीस वर्षे आधी. म्हाइंभटाच्या लीळाचरित्राची पाने तेव्हा महानुभावांच्या मठांतून नकलून काढली जात होती. देवगिरीचे राज्य १३१८ मध्ये दिल्लीच्या घशात गेले होते. दिल्लीच्या तख्तावर गियासुद्दीन तुघलक बसून पुरते एक वर्षही झाले नव्हते. ठाण्याचा मलिक दिल्लीच्या नावाने अंमल बजावीत होता खरा, पण तो स्वतःच या मुलखात नुकताच येऊन ठेपलेला परका होता. मराठी वाचकाला चौदावे शतक म्हणजे संतांचे आणि यादवांच्या अस्ताचे शतक एवढे ठाऊक असते. त्याच शतकात कोकणच्या किनाऱ्यावर लॅटिन भाषेत पत्रे लिहिणारा एक मनुष्य हिंडत होता, हे त्याला सहसा ठाऊक नसते.

त्या मनुष्याचे नाव जॉर्डनस. दक्षिण फ्रान्सातील सेवेराकचा, डोमिनिकन पंथाचा हा साधू इराणातील तब्रीझच्या मठातून या चौघांबरोबर निघाला होता. जायचे होते केरळातील कोल्लमला. वाऱ्याने आणि खलाशांनी आणून टाकले ठाण्याला. उत्तरेकडे भडोचच्या बाजूस काही नाममात्र ख्रिस्ती आहेत आणि त्यांना धर्मोपदेशाची गरज आहे असे कळल्यावरून तो सोपाऱ्यामार्गे तिकडे गेला, म्हणूनच वाचला. परत येतो तो सोबती संपलेले. प्रेते सोपाऱ्यास नेऊन त्याने मूठमाती दिली आणि पुढची अडीच वर्षे या किनाऱ्यावर एकट्याने काढली. १३२१ च्या ऑक्टोबरात घोघ्याहून आणि पुढे दोन-तीन वर्षांनी ठाण्याहून अशी दोन पत्रे त्याने इराणातील आपल्या धर्मबंधूंना लिहिली. पुढे युरोपात परतून त्याने 'मिराबिलिया', म्हणजे अद्भुतांचे वर्णन, हा छोटेखानी ग्रंथ रचला. १३२९ मध्ये पोप जॉन बाविसाव्याने त्याला कोल्लमचा बिशप नेमले. हिंदुस्थानातले हे पहिले लॅटिन बिशपपद.

आता या मनुष्याचे मोल कसे करावयाचे? ख्रिस्ती चरित्रकारांच्या मते तो हालअपेष्टा सोसणारा धर्मवीर आहे. दुसऱ्या टोकाला, पाश्चात्त्य साम्राज्याचा पहिला हेर म्हणून त्याची संभावना करून मोकळे व्हावे असे वाटणारेही पुष्कळ निघतील. वसाहतमुक्तीची इतिहासदृष्टी म्हणून जो विचार अलीकडे लॅटिन अमेरिकेतील एन्रिके दुसेल, आनिबाल किहानो प्रभृती पंडितांनी मांडला, त्याचे सार थोडक्यात असे की, वसाहतींचे राज्य संपले तरी त्या राज्याने घडविलेली ज्ञानाची आणि माणसांच्या श्रेणींची व्यवस्था संपत नाही, ती पाठ्यपुस्तकांत, नकाशांत आणि धर्मपीठांत टिकून राहते. हे पंडित या व्यवस्थेचा आरंभ १४९२ मध्ये, कोलंबसाच्या जहाजांपासून धरतात. आमचा जॉर्डनस त्याच्या १७० वर्षे आधीचा. त्याच्यापाशी तोफ नव्हती, फर्मान नव्हते, किल्ला नव्हता; अंगावरची कफनी आणि एखाद्या सिरियन ख्रिस्ती घरचे अन्न यांवर त्याचे दिवस निघत. अशा निःशस्त्र, परावलंबी, तापाने फणफणलेल्या माणसाला साम्राज्यवादी म्हणणे हास्यास्पद होईल, असे प्रथमदर्शनी वाटते. पण त्याचे दुसरे पत्र वाचावे.

त्या पत्रात आपल्या हालांची यादी आहे, निरनिराळ्या गावी किती जणांना बाप्तिस्मा दिला त्याचा हिशेब आहे, कोठे कोठे साधू पाठवावेत याची शिफारस आहे. आणि मध्येच, एखाद्या अनुभवी कारभाऱ्याने वरिष्ठांना गुजारिश करावी तशा सहजतेने, त्याने असे सुचविले आहे की, पोपने या समुद्रात नुसती दोन लढाऊ गलबते ठेवली तर केवढा लाभ होईल, आणि अलेक्झांड्रियाच्या सुलतानाची केवढी हानी! ठाण्याच्या खाडीकाठी बसून लिहिलेले हे वाक्य आहे. कोकणच्या दर्यात युरोपीय आरमार असावे, ही कल्पना ज्या लेखांत आढळते त्यांतल्या अगदी आरंभीच्या लेखांत ते मोडते. आणि ते दर्यावर्दी सरदाराने नव्हे, एका भिक्षेकरी साधूने लिहिले आहे.

हे वाक्य त्याच्या एकट्याच्या डोक्यातून निघाले नव्हते, हे समजून घेतले पाहिजे. अक्का हे पॅलेस्टाइनमधील शेवटचे मोठे क्रुसेडी ठाणे १२९१ मध्ये मिसरच्या मामलुक सुलतानाने घेतले, तेव्हापासून जेरुसलेम परत मिळविण्याच्या योजनांचा युरोपात सुकाळ झाला होता. मिसरची शक्ती कशात आहे, याचा शोध घेता घेता काही चाणाक्ष लोकांच्या ध्यानात आले की, ती हिंदुस्थानच्या मालात आहे. मलबारची मिरी, आले, दालचिनी एडनवरून तांबड्या समुद्रात, तेथून नाईल नदीने अलेक्झांड्रियास आणि तेथून व्हेनिस-जिनोव्हाच्या गलबतांत चढे; वाटेत सुलतानाच्या जकातनाक्यांवर जो पैसा जमे, त्यातून त्याचे घोडदळ उभे राही. गियोम आदाम हा जॉर्डनसचाच पंथबंधू. त्याने १३१७ च्या सुमारास मुसलमानांचे निर्मूलन कसे करावे यावर एक निबंध लिहिला, त्यात एडनच्या आखातात जहाजे ठेवून हा व्यापारच तोडावा अशी तपशीलवार युक्ती आहे. आणि तो स्वतः या समुद्रात फिरून आलेला होता. व्हेनिसचा मारिनो सानुदो याने मिसरच्या नाकेबंदीविषयीचा आपला मोठा ग्रंथ पोप जॉन बाविसाव्याच्या हाती ठेवला तो १३२१ मध्येच, म्हणजे ज्या वर्षी ठाण्यात ते चौघे मारले गेले त्याच वर्षी. आदाम पुढे इराणातील सुलतानियाचा आर्चबिशप झाला, आणि कोल्लमचे बिशपपद त्याच सुलतानियाच्या पीठाखाली ठेवण्यात आले. तेव्हा जॉर्डनसच्या पत्रातील गलबतांची मागणी ही एका वर्तुळात खेळत असलेल्या विचाराची प्रत्यक्ष जागेवरून पाठविलेली पुष्टी आहे. जागेवरच्या माणसाचा हवाला मुत्सद्द्यांना किती मोलाचा वाटतो, हे ज्यांनी दप्तरे चाळली आहेत त्यांना सांगावयास नको.

एवढ्यावर तो थांबत नाही. 'मिराबिलिया'च्या अखेरीस, जग पाहून आलेल्या माणसाच्या आत्मविश्वासाने त्याने लिहिले आहे की, फ्रान्सचा राजा दुसऱ्या कोणाच्या साह्यावाचून सारे जग आपल्या आणि ख्रिस्ती धर्माच्या अंमलाखाली आणू शकेल. त्याही पुढे जाऊन तो म्हणतो की, लॅटिन लोक सर्व पृथ्वी जिंकणार, अशी भविष्ये या देशच्या मूर्तिपूजकांतही प्रचलित आहेत. या वाक्यापाशी अंमळ थांबावयास हवे. ठाण्या-सोपाऱ्याच्या कोणा ज्योतिष्याने त्याला खरोखर असे काही सांगितले असेल काय? अतिथीला गोड वाटेल ते बोलण्याची आपल्याकडची रीत ध्यानात घेतली तर सांगितलेही असेल. नुकत्याच आलेल्या तुर्की अंमलाने गांजलेल्या कोणाला तिसराच कोणी येऊन यांना घालवील तर बरे, असे वाटले असेल, तर तेही अस्वाभाविक नाही. देवळे पाडून त्यांच्या मशिदी केल्याचे आणि उत्पन्ने काढून घेतल्याचे वृत्त जॉर्डनसच देतो. परंतु जिंकल्या जाणाऱ्याच्या तोंडी जिंकणाऱ्याच्या विजयाचे भविष्य घालणे, ही पुढे मेक्सिकोपासून सगळीकडे आढळलेली तऱ्हा आहे. मग ते राज्य लादलेले उरत नाही, ते नियतीचे होते, आणि पराभूतांना ते आधीपासून ठाऊक असते.

तेव्हा जॉर्डनसपाशी सत्ता नव्हती हे जितके खरे, तितकेच सत्तेची आकांक्षा त्याच्यापाशी पूर्ण वाढ झालेली होती हेही खरे. आणि वसाहतवादाचा आरंभ १४९२ मध्ये मानणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, साधने हाती येण्यापूर्वी हेतू दीडशे वर्षे तयार होऊन पडला होता, आणि त्याचा एक कच्चा मसुदा ठाण्यात लिहिला गेला. १५०८ मध्ये चौलच्या बंदरात मिसरच्या आणि गुजरातच्या आरमाराशी लढताना पोर्तुगीज विसरेईचा पुत्र लोरेन्सु द आल्मेइदा मारला गेला आणि दुसऱ्या वर्षी दीवच्या लढाईत बापाने त्याचा सूड घेतला, तेव्हा अलेक्झांड्रियाच्या सुलतानाची जी हानी जॉर्डनसने इच्छिली होती ती अक्षरशः झाली. पोर्तुगीजांनी त्याचे पत्र वाचले होते असा याचा अर्थ नव्हे. जकात, मिरी आणि जेरुसलेम यांची जी सांगड चौदाव्या शतकात पोपच्या दरबारी घातली गेली होती, ती त्यांना वारशाने मिळाली होती, एवढाच अर्थ.

१३२९ च्या नेमणुकीकडेही याच दृष्टीने पाहावे. आविन्यों येथे बसलेल्या पोपने, जे नगर त्याने पाहिले नव्हते, जेथे त्याचा एक शिपाई नव्हता आणि जेथील राजाला त्याचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते, तेथे एक बिशपपद निर्माण करून त्याची सनद लिहून दिली. जमीन दुसऱ्याची, अंमल तिसऱ्याचा आणि सनद आपली. १४५५ मध्ये पोप निकोलस पाचव्याने पोर्तुगालच्या राजाला आफ्रिकेच्या किनाऱ्याने पुढील मुलखांचे जे हक्क बहाल केले, त्यांत आणि या सनदेत पुष्कळ अंतर आहे. १३२९ मध्ये कोणाला गुलाम करण्याची परवानगी नव्हती, १४५५ मध्ये ती स्पष्ट होती. हे अंतर पुसून टाकणारा लेखक इतिहास लिहीत नसून आरोपपत्र लिहीत असतो. मात्र परक्या भूमीवर कागदाने हक्क सांगता येतो, ही समजूत दोन्हींकडे एकच आहे.

आता त्याच्या डोळ्यांकडे वळू. कारण हा मनुष्य पाहत असे, आणि उत्तम पाहत असे. फणस एवढा मोठा की एकात पाच माणसे जेवावीत. आंबा इतका मधुर की शब्दांत सांगता येऊ नये. नारळ, ताडी, मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा पाऊस आणि मग आठ-नऊ महिने कोरडे आकाश: कोकणच्या माणसाला आपलाच परसू वाचल्यासारखे वाटावे. अग्नीची उपासना करणारे, प्रेत न पुरता न जाळता बिनछपरी बुरुजात पक्ष्यांसाठी उघडे ठेवणारे लोक त्याने पाहिले. पारशांच्या दोन आदितत्त्वांचा, प्रकाशाचा आणि अंधाराचा उल्लेख करून, त्याची चर्चा सध्या करावयाची नाही असे म्हणून तो पुढे जातो. एका मृताबरोबर पाच जिवंत स्त्रिया चितेवर बसलेल्या आपण पाहिल्या, असेही तो सांगतो. आणि येथील लोक खाण्यापिण्यात स्वच्छ, बोलण्यात खरे, न्यायात श्रेष्ठ आहेत, असे मोकळ्या मनाचे प्रशस्तिपत्र देतो. एकोणिसाव्या शतकातील गोऱ्या अधिकाऱ्यांनी हिंदू मनुष्य स्वभावतःच खोटे बोलतो असे जे लिहून ठेवले, त्याच्याशी हे ताडून पाहावे, म्हणजे वंशाच्या उतरंडीची कल्पना जॉर्डनसच्या डोक्यात अद्याप शिरलेली नव्हती, हे कळून येईल. त्याच्या लेखी जगाचे दोनच भाग होते, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले. आणि दुसऱ्या भागातून पहिल्यात येण्याचा दरवाजा कोणालाही उघडा होता. दोन-तीनशे चांगले साधू मिळाले तर दरसाल हजारोंनी लोक या दरवाज्याने येतील, असा त्याचा अंदाज होता. त्याच्या स्वतःच्या हातून आलेले सुमारे तीनशे.

पण त्या प्रशस्तिपत्राची दुसरी बाजूही आहे. येथील न्यायाची तारीफ करताना त्याने कारण दिले आहे ते असे की, प्रत्येकाला त्याच्या पायरीप्रमाणे पूर्वापार चालत आलेले अधिकार हे लोक कसोशीने सांभाळतात. पायरीप्रमाणे! सरंजामी फ्रान्सातून आलेल्या माणसाला जातीची उतरंड अन्याय वाटण्याऐवजी सुव्यवस्था वाटली, यात नवल नाही. तिथेही सरदार, धर्मगुरू आणि कुळे आपापल्या पायरीवर होती. त्याच ग्रंथात तो डुंब्री नावाच्या लोकांविषयी दोन ओळी लिहितो: हे मेलेल्या जनावरांचे मांस खातात, इतरांची हलकी कामे करतात, ओझी वाहतात आणि यांना कसलीही उपासना नाही. शेवटचे विधान त्याला कोणी सांगितले? ज्यांच्याकडून तो माहिती घेत होता, त्यांनीच असणार. आणि ते डुंब्री नसणार. मंगळवेढ्याच्या वेशीत गावकुसाच्या भिंतीखाली सापडून चोखामेळा वारला तो परंपरेप्रमाणे १३३८ मध्ये. म्हणजे जॉर्डनस ज्या वर्षांत 'यांना देव नाही' असे लिहीत होता, त्याच वर्षांत, सह्याद्रीच्या पलीकडे, मृत जनावरे ओढणारा एक मनुष्य, त्याची बायको सोयराबाई आणि त्याचे सारे घर विठ्ठलाला जाब विचारणारे अभंग रचीत होते. परक्याचे लेखन तपासताना आपण त्याचा परकेपणा तेवढा तपासतो. त्याच्या कानाशी कोण लागले होते, हे तपासावयाचे राहून जाते; आणि वसाहतमुक्तीच्या नावाने लिहिणारा आपल्याकडचा एखादा विद्वान नेमके येथेच आखडतो, कारण येथे बोट पश्चिमेकडे न जाता गावातल्या वाड्याकडे जाते.

दुसरी खटकणारी गोष्ट म्हणजे ज्यांच्या घरी तो जेवला त्यांच्याविषयीचे त्याचे मत. सहाव्या शतकात कोसमस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने कल्लियाना येथे इराणहून नेमलेला बिशप असतो असे लिहून ठेवले आहे, आणि कल्लियाना म्हणजे आपले कल्याण असे बहुतेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर लॅटिन साधू येण्यापूर्वी आठशे वर्षे कोकणात ख्रिस्ती उपासना चालत होती, आणि तिची भाषा सिरियाक होती. तोफेच्या पाठीवर बसून न येता व्यापारी तांड्यांतून आणि गलबतांतून आलेला हा ख्रिस्ती धर्म. त्याला वसाहतीचा म्हणता येत नाही. जॉर्डनसला मात्र हे लोक पाखंडी वाटतात. नावाचे ख्रिस्ती, बाप्तिस्म्याविना राहिलेले, संत थॉमसलाच ख्रिस्त समजणारे, असे तो त्यांचे वर्णन करतो. सोपाऱ्याच्या एखाद्या अडाणी खेडुताच्या बाबतीत ते खरेही असेल, परंतु एका प्राचीन संप्रदायाला त्याच्या दुर्बळ अवशेषावरून मोजण्याची ही रीत धोक्याची होती. ती पुढे कोठवर गेली ते पाहावयाचे असेल तर १५९९ मध्ये केरळातील उदयंपेरूर येथे गोव्याच्या आर्चबिशपने भरविलेली धर्मसभा आठवावी: तिने सिरियन ख्रिस्त्यांचे ग्रंथ पाखंडी ठरवून जाळण्याचे ठराव केले. कोकणातील पंधरा घरांची तर नावनिशाणीही उरली नाही.

या सर्व हकिकतींची साधने आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आली, हेही पाहिले पाहिजे. 'मिराबिलिया'चे लॅटिन हस्तलिखित पॅरिसच्या भूगोल मंडळाने १८३९ मध्ये छापले. बंगालच्या इंजिनिअर पलटणीतून निवृत्त झालेल्या हेन्री यूलने १८६३ मध्ये लंडनच्या हॅक्लुइट सोसायटीसाठी त्याचे इंग्रजी भाषांतर केले, आणि तीनच वर्षांनी जॉर्डनसची पत्रे व त्याच्यामागून ठाण्यास येऊन गेलेल्या ओदोरिक या फ्रान्सिस्कन साधूचा प्रवास आपल्या दुसऱ्या ग्रंथात दिला. तेथून हा मजकूर १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये उतरला, आणि गॅझेटियरमधून आमच्या स्थानिक इतिहासांत. यूल विद्वान होता आणि त्याच्या टीपा आजही उपयोगी पडतात. त्याची निंदा करण्यात अर्थ नाही. पण या वाटेत वृत्तांताची चाळणी झाली. काजीचा जुलूम आणि साधूंचे हौतात्म्य वर राहिले. दिल्लीच्या बादशहाने पुढे ठाण्याच्या मलिकालाच देहान्ताची शिक्षा दिली आणि काजी पळून गेला, असे तोच ओदोरिक सांगतो, ते मागे पडले. मुसलमानी अंमल म्हणजे अंदाधुंदी आणि इंग्रजी अंमल म्हणजे कायदा, ही जी सरकारी विभागणी होती, तीत ही शिक्षा बसत नव्हती. मराठीत याच किनाऱ्याची हकीकत सांगणारी महिकावतीची बखर वि. का. राजवाड्यांनी १९२४ मध्ये पुण्यात छापून काढली. तिच्यात कुळे, वतने आणि गावांचे करीने आहेत. आमच्या मते ही बखर आणि जॉर्डनसची पत्रे एकाच मेजावर उघडून वाचावयास हवीत. आजवर ती दोन निरनिराळ्या कपाटांत राहिली आहेत.

रोममध्येही चाळणी झाली. १८९४ मध्ये पोप लिओ तेराव्याने त्या चौघांपैकी टोलेंटिनोच्या थॉमसला धन्य घोषित केले. याच लिओने आदल्या वर्षी सिलोनातील कँडी येथे हिंदी धर्मगुरूंसाठी एक विद्यालय स्थापिले, आणि हिंदुस्थानचे पुत्रच त्याच्या उद्धाराचे सेवक होतील, अशा अर्थाचे ब्रीदवाक्य त्याला दिले. ते विद्यालय १९५५ मध्ये पुण्यास हलविण्यात आले. विश्रांतवाडीहून विमानतळाला वळसा घालून नगर रस्त्यावर रामवाडीस गेले म्हणजे ते दिसते. त्याच्या शेजारी जेझुइटांचे जे निवासी विद्यालय आहे त्याला रॉबर्तो द नोबिलीचे नाव दिलेले आहे. मदुरेस भगवी वस्त्रे धारण करून, संस्कृत शिकून, खालच्या जातीच्या ख्रिस्त्यांपासून सोवळे पाळणाऱ्या या सतराव्या शतकातील इटालियन संन्याशाची तुलना जॉर्डनसशी करण्याचा मोह होतो. द नोबिलीने देशी संस्कृतीचा आदर केला असे म्हणतात, आणि ते खोटे नाही. पण त्याने आदर केला तो ब्राह्मणी संस्कृतीचा, आणि तिच्या किमतीचा हिशेब परवांच्या, म्हणजे त्या खालच्या जातीच्या ख्रिस्त्यांच्या, पदरी लिहिला गेला. जॉर्डनसने कोणाचाच वेष घेतला नाही आणि कोणालाही बाप्तिस्मा देताना पायरी विचारल्याचे लिहिले नाही. या एका बाबतीत तो साधा, अडाणी वाटणारा डोमिनिकन आम्हास जवळचा वाटतो. कँडीहून पुण्यास आलेल्या त्या विद्यालयात आज देशी विद्यार्थीच पुरोहित होतात आणि देशी अध्यापकच त्यांना चर्चच्या या इतिहासाची चिकित्सा शिकवितात. जॉर्डनसने मागितलेले दोनतीनशे साधू आले, ते असे, त्याच्या हिशेबात नसलेल्या वाटेने.

ठाण्याच्या त्या चौघांपैकी दिमित्रीविषयी चार शब्द लिहावयाचे राहिले. तो जॉर्जियाचा, तिफ्लिसचा; दीक्षित पुरोहित नव्हे, भाषा जाणणारा मदतनीस. काजीपुढील वाद कोणत्या भाषेत झाला असेल? थॉमसला मराठी येत नव्हती, काजीला लॅटिन येत नव्हती. मधले फारसीचे शब्द कोणीतरी इकडून तिकडे पोहोचविले असणार, आणि ते काम ज्याचे होते त्यालाही थॉमसबरोबर मरावे लागले. दुभाष्याचे मरण इतिहासात नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी मरणाचा पुरवणी-मजकूर म्हणून येते.

थोड्याच काळाने उत्तर इटलीतील पोर्देनोनेचा फ्रान्सिस्कन ओदोरिक येथे आला, त्याने सोपाऱ्याहून अस्थी उकरून घेतल्या आणि थेट चीनमधील झैतून बंदरी नेल्या. जॉर्डनस कोल्लमच्या गादीवर जाऊन बसल्याचा विश्वसनीय पुरावा नाही. पण त्यानंतर वीसेक वर्षांनी पोपचा दुसरा एक वकील, फ्लोरेन्सचा जॉन मारिन्योल्ली, चीनहून परतताना कोल्लमला उतरला आणि वर्षाहून अधिक काळ राहिला. तेथील वस्तुस्थिती त्याने प्रांजळपणे सांगितली आहे. मिरीच्या बागा संत थॉमसच्या सिरियन ख्रिस्त्यांच्या, मिरीचा तराजू त्यांच्या हाती, आणि ते आपल्या तराजूच्या हक्कातून या पाहुण्याला दरमहा शंभर सोन्याचे फनम देत. ज्यांना जॉर्डनसने नावाचे ख्रिस्ती म्हटले, त्यांच्या मिरीवर पोपचा वकील पोसला जात होता. निघण्यापूर्वी मारिन्योल्लीने तेथे एक दगडी स्तंभ उभारला. वर क्रूस, खाली पोपचे आणि स्वतःचे मानचिन्ह, आणि लेख लॅटिन व देशी अशा दोन लिप्यांत. तो जगाच्या अंतापर्यंत टिकावा अशी त्याची इच्छा होती. आणि त्या समारंभाला त्याला पालखीत बसवून, खांद्यावर वाहून नेले ते स्थानिक प्रतिष्ठितांनीच. १४९७ मध्ये व्हास्को द गामा लिस्बनहून निघाला तेव्हा असे दगडी स्तंभ त्याच्या जहाजांत घडवूनच ठेवलेले होते. त्यांवर पोर्तुगालच्या राजाचे चिन्ह होते, लिपी एकच होती, आणि ते जेथे रोवावयाचे तेथील कोणाला विचारण्याची तरतूद त्या मोहिमेत नव्हती.